बारा खोल्यांचं भाडं

ललिता गांगुर्डे महिन्यातून एकदा पवननगरच्या भाजीबाजारात वही घेऊन शिरायची आणि एक जुडीही न घेता बाहेर पडायची. कोथिंबिरीची मधली जुडी कितीला, कांदा कितीला, बटाटा कितीला, एवढंच विचारायची. नवे भाजीवाले तिला महापालिकेची बाई समजून रस्त्यावर आलेली क्रेट आत ओढून घ्यायचे. जुने तिला ओळखून होते. किराणावाला सावळीराम तर ती दिसली की हातातलं गिऱ्हाईक सोडून डाळीतेलाचे भाव घडाघडा सांगून टाकायचा, म्हणजे बाई लवकर वाटेला लागावी.

काम असं होतं. शहरातली एक अभ्यास संस्था दरवर्षी एक आकडा काढायची. चार माणसांच्या कुटुंबाला नाशकात पोटभर खाऊन, धड घरात राहून, मुलं शिकवून जगायचं तर महिन्याला किती लागतं, तो आकडा. संस्था त्याला निर्वाह वेतन म्हणायची, बाकी सगळे जगण्याचा पगार म्हणायचे. अंबड आणि सातपूरच्या काही कारखान्यांनी, त्यांच्या परदेशी गिऱ्हाइकांनी हट्ट धरल्यामुळे, या आकड्याहून कमी पगार कोणाला द्यायचा नाही असं कबूल केलं होतं. महागाई वाढेल तसा आकडा दर एप्रिलात वाढायचा. आणि महागाई किती वाढली हे ज्या कागदांवरून ठरायचं, ते कागद ललिता भरायची.

नऊ वर्षं ती हे काम करत होती आणि चोख करत होती. तेच दुकान, तीच वस्तू, तीच प्रत, हा तिथला नियम. गेल्या महिन्यात मधल्या प्रतीची डाळ लिहिली असेल तर या महिन्यातही मधलीच लिहायची, भारीची नाही आणि फुटकीही नाही. एकदा तांदळाच्या एका नोंदीची शंका आली म्हणून ती भर उन्हात सातपूरला परत गेली होती. पण मानधन म्हणून जे हातात पडायचं ते नऊ वर्षांत एकदाच वाढलं, तेही सांगायला लाज वाटावी इतकं. अख्ख्या शहराला जगायला किती लागतं याचा हिशोब करणाऱ्या संस्थेला, आपल्या वहीवाल्या बाईला किती लागतं हे विचारायचं कधी सुचलं नाही.

इथवर ललिताचं दुःख रास्त होतं. पुढचं मात्र तसं नव्हतं. पुढे प्रतिभा होती.

प्रतिभा म्हणजे तिची धाकटी जाऊ. उत्तमनगरात सासऱ्यांनी घेतलेल्या सिडकोच्या छोट्या घरात खाली ललिता आणि तिचा नवरा गोरक्ष, आणि वर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत दीर आणि प्रतिभा. ललिता बी.कॉम. झालेली, प्रतिभा सिन्नरकडच्या खेड्यातून आलेली, शाळा अर्धवट सोडलेली. अंबडच्या स्विच बनवणाऱ्या कारखान्यात बायका घेतायत ही बातमी घरात आणली ती ललितानेच. स्वतः गेली नाही. आठ तास उभं राहून खोक्यात स्विच भरायचं काम पदवीधर बाईचं नव्हे, असं तेव्हा तिला वाटलं होतं. प्रतिभा गेली, आणि तिला कामावर घेतलं.

तेव्हापासून ललिताच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. दर एप्रिलात प्रतिभाचा पगार वाढायचा, आणि तो ललिताच्या कागदांवरून वाढायचा. उन्हात पायपीट हिने करायची आणि कूलर वरच्या खोलीत यायचा. पुढच्या वर्षी वॉशिंग मशीन आलं. ते जिन्यावरून चढवताना गोरक्षने हात लावला म्हणून ललिता दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. प्रतिभा म्हणायची, ताई, तुमचे पण कपडे टाका की यात. ललिता हसून नको म्हणायची आणि मोरीत जाऊन मुद्दाम आवाज येईल असे कपडे आपटायची.

यंदा जानेवारीत प्रतिभा पेढे घेऊन खाली आली. पाथर्डी फाट्याजवळ वन बीएचके बघितला होता. टोकनही देऊन झालं होतं. बँकेच्या हप्त्याला थोडेच पैसे कमी पडत होते, आणि एप्रिलची वाढ धरली की तेही बसत होतं. ललिताने तोंडदेखलं कौतुक केलं. पेढा तसाच डब्यात ठेवून दिला. गोरक्षला मनापासून आनंद झाला. तो म्हणाला, ते गेले की वरची खोली आपल्याला मिळेल, पोरांना अभ्यासाला जागा होईल, तुला तर बरंच वाटायला हवं. बोलणं अगदी बरोबर होतं, म्हणून ललिताला ते जास्तच झोंबलं. तिला वरची खोली नको होती. तिला प्रतिभाचा फ्लॅट व्हायला नको होता.

फेब्रुवारीत घरभाड्याची पाळी आली. वर्षातून दोनदा ठरलेल्या बारा खोल्यांचं भाडं विचारायचं असायचं. आकड्यात सगळ्यात जड वजन भाड्याचंच. डाळ दहा रुपयांनी वाढली तरी आकडा जागचा हलत नाही, भाडं वाढलं की तो उडी मारतो. त्या बारांपैकी पाच खोल्या श्रमिकनगरात सुमनबाईंच्या चाळीत होत्या. पुढच्या रांगेच्या, वर स्लॅब, आत मोरी. सुमनबाईंनी सांगितलं, जुने भाडेकरू गेले, सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामावर आलेली माणसं मागतील तेवढं भाडं देतात. पाचही खोल्यांचं भाडं प्रत्येकी तेराशेने वाढलं होतं.

ललिताने पेन काढलं आणि तिला पाथर्डी फाटा दिसला.

चाळीच्या मागच्या अंगाला आणखी पाच खोल्या होत्या. पत्र्याच्या, अंधाऱ्या, भाडं जवळपास पुढच्या खोल्यांच्या जुन्या भाड्याइतकंच. खोली पडली किंवा मालकाने काढून घेतली, तर तिच्याच प्रतीची दुसरी खोली घ्यायची मुभा नियमात होती. ललिताने त्या मागच्या खोल्या घेतल्या. शेरा लिहिला, आधीची खोली उपलब्ध नाही. छत कसलं, या रकान्यात पत्र्याऐवजी स्लॅबवर खूण केली. पाच खोल्या, पाच खुणा. सुमनबाई शेजारी उसाचा रस मागवत होत्या, त्यांना काही कळलं नाही. ललिताने तो रस सावकाश पिऊन संपवला.

संस्थेच्या ऑफिसलाही कळलं नाही. एकदम वाढलेला भाव दिसला की ऑफिस फोन करून खात्री करायचं. न वाढलेल्या भावाबद्दल कोणी फोन करत नाही.

मार्चमध्ये नवा आकडा जाहीर झाला. दरवर्षी हजार-बाराशेची वाढ व्हायची, यंदा चारशेचीही नव्हती. पंधरा दिवसांत हरकती मागवल्या होत्या. ललिताने तो कागद दोनदा वाचला आणि त्या दिवशी स्वयंपाकात गोडाचा शिरा केला. गोरक्षने कारण विचारलं तर म्हणाली, सहज.

पण शिरा खाऊन दोन दिवस झाले तरी वरून रडण्याचा, भांडणाचा, कशाचाच आवाज येईना. तिला चुकल्यासारखं व्हायला लागलं. जावेचं नुकसान झालंय आणि ते आपल्याला नीट बघायलाही मिळत नाही, याचा तिला राग आला.

रविवारी सकाळी प्रतिभा खाली आली. फ्लॅट रद्द केला, बिल्डर टोकनमधले थोडे कापून बाकीचे परत देतो म्हणाला, असं तिने साधेपणाने सांगितलं. आता इथंच राहायचं, तर पावसाआधी वरचे पत्रे बदलायला लागतील, भाऊजींच्या कानावर घाला, एवढ्यासाठी ती आली होती. ललिता गहू निवडत होती. तिने मान खाली ठेवली, कारण चेहरा कसा झाला असेल याची तिला खात्री नव्हती. आत कुठेतरी गार वाटत होतं. फार वाईट झालं, असं ती म्हणालीसुद्धा.

मग, नुसतं बोलायला विषय हवा म्हणून, तिने विचारलं की कारखान्यातल्या बायकांनी हरकत नाही का घेतली.

"घेणार होत्या की," प्रतिभा म्हणाली. "लय चिडल्या होत्या. घरभाडं एवढं वाढलं आन् आकड्यात दिसत नाय, म्हणत होत्या. अर्ज लिहायला बसल्या होत्या कँटीनमधी. मीच थांबवलं."

"तू?"

"मग काय. मी म्हटलं, ते भाव माझी जाऊ लिहिती. एका नोंदीसाठी उन्हाची सातपूरला परत जाती. तिनं लिहिलं आसंल तर ते खरंच आसंल. आपल्यालाच उगा जास्त वाटतंय." ती जरा हसली. "ऐकलं सगळ्यांनी. अर्ज फाडला."

ललिताचा हात सुपातच राहिला. आपण उन्हात परत गेलो होतो हे प्रतिभाला माहीत होतं, लक्षात होतं, आणि ते तिने कँटीनभर बायकांपुढे सांगितलं होतं. नऊ वर्षांत ललिताबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. संस्थेत नाही, घरात नाही, गोरक्षही नाही. आणि बोलली ती हीच. ललिताला ओशाळल्यासारखं झालं, आणि त्यातही राग होताच. चांगुलपणासुद्धा हिच्याच वाट्याला जास्त का यावा, असं तिला वाटून गेलं.

"हरकतीची मुदत कधी संपते?" तिने विचारलं. तिला ती पाठ होती.

"उद्या."

ललिता उठली. पोराच्या वहीचं कोरं पान फाडलं, पेनासकट प्रतिभापुढे ठेवलं आणि लिही म्हणाली. प्रतिभाला काही समजेना, पण मोठ्या जावेचं ऐकायची सवय होती. ती पाय दुमडून जमिनीवर बसली आणि ललिता सांगेल तसं लिहीत गेली. श्रमिकनगरातल्या भाड्याच्या पाच नोंदी चुकीच्या आहेत. पत्र्याच्या खोल्या स्लॅबच्या म्हणून दाखवल्या आहेत. मूळ पाच खोल्यांचं भाडं पुन्हा तपासून आकडा दुरुस्त करावा. नोंदी घेणाऱ्या बाईंनी हे जाणूनबुजून केलं आहे.

पेन थांबलं.

"जाणूनबुजून?"

"हो."

प्रतिभाने वर बघितलं. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, तोवर बघतच होती.

"फ्लॅटमुळं?"

ललिताला खोटं बोलता आलं असतं. ऑफिसने दबाव आणला म्हणता आलं असतं, प्रतिभाने त्यावरही विश्वास ठेवला असता. "हो," ती म्हणाली. "मला सहन झालं नाही."

प्रतिभा रडली नाही, उठूनही गेली नाही. तिने पेन पुन्हा कागदावर टेकवलं आणि परक्या बाईला विचारावं तसं विचारलं, "नाव?"

"ललिता गोरक्ष गांगुर्डे."

प्रतिभाने ते सावकाश, पूर्ण लिहिलं. ललिता वरून वाकून बघत होती. उद्यापासून हातात वही नसणार, हे तिला कळत होतं. पण तिचं लक्ष अक्षराकडे गेलं. गोल, सरळ रेषेत, कुठे खाडाखोड नाही. जावेचं अक्षर आपल्यापेक्षा सुंदर आहे हे तिने इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. आणि आत्ता, या घटकेला, तेही तिला सहन झालं नाही.