उलटवलेलं कापड

मोहोपाड्याच्या समाजमंदिरात एक शिंपीणकाकू दर मंगळवारी बायकांना फुकट शिवण शिकवायच्या. ओठांत टाचण्या धरूनही त्यांचा शब्द न शब्द कळायचा. मी तिथल्या शाळेत शिक्षिका होते. त्या वर्षी कवायतीच्या स्पर्धेला गणवेश सक्तीचा झाला आणि तो न परवडणाऱ्या माझ्या वर्गातल्या अठरा मुली घरीच बसणार असं दिसू लागलं. मी काकूंना हे सांगितलं.

पुढच्या मंगळवारी त्यांनी कारखान्यातल्या कामगारांच्या, कामावर घालायच्या विटक्या निळ्या डांगऱ्या गोळा करून आणल्या.

"या चिंध्यांचे स्कर्ट?" मी म्हणाले.

काकूंनी एक शिवण उसवून कापड उलटं धरलं. "बाई, आतली बाजू बघा. रंग अजून नवाच हाय."

मी ओशाळले.

महिनाभर मुलींच्या आया उसवत, कापत, शिवत होत्या. कुणाचं कापणं चुकलं तर काकू एवढंच म्हणायच्या, "रडू नको गं, तिथं खिसा लावू."

स्पर्धेत आमच्या मुली पहिल्या आल्या. प्रमुख पाहुण्यांनी विचारलं, "गणवेश कुठून घेतले?"

"आमी शिवले!" सगळ्या आया एकदम ओरडल्या.

काकू मात्र पाहुण्यांचा कोट निरखत होत्या.

"सायेब, बटण लोंबतंय. मंगळवारी या शिकायला. फी नाय."