गोणीच्या काट्यावरचं वजन

चादरींच्या त्या कारखानदाराचा तोल माझ्यामुळे गेला आणि त्याचं खापर माझ्या मित्रावर फुटलं. ते फुटू दिलं मीच.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. सोलापुरातल्या एका इस्पितळात आम्ही दोघं एकाच वॉर्डात कामाला होतो, शिकलोही एकत्र. पक्की जागा मात्र एकच होती. मोठे डॉक्टर, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, प्रश्न माझ्याकडे बघून विचारायचे आणि उत्तरासाठी त्याच्याकडे वळायचे. त्याचा मामा परदेशी मासिकं पाठवायचा. मला असा मामा नव्हता, याचाही मला राग होता.

एकदा राउंडला त्यानं नवं सूत्र सांगितलं. एकशे चाळीसातून वय वजा करायचं, वजनानं गुणायचं आणि रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्याच्या बहात्तर पटीनं भागायचं. मूत्रपिंडं किती काम करतात याचा अंदाज येतो आणि त्यावरून औषधाचा डोस ठरवता येतो. दिवसभराची लघवी साठवत बसायला नको. सर म्हणाले, "वा! आजपासून हेच." त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. बायकोला सांगितलं, पोट बिघडलंय.

पुढे तो कारखानदार आला. तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातला, पन्नाशीचा, अंगानं अवाढव्य. मूत्रपिंडात जंतू शिरून ताप चढलेला. जेंटामायसिन द्यायचं ठरलं. हे इंजेक्शन जास्त झालं तर मूत्रपिंडांना आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला इजा करतं. रुग्ण माझा होता. मित्र बहिणीच्या लग्नासाठी मंगळवेढ्याला निघाला होता, तरी खाटेपाशी थांबला.

"यांचं सगळं वजन सूत्रात घालू नकोस," तो म्हणाला. "चरबी वाढली म्हणून मूत्रपिंडाचं काम तेवढं वाढत नाही. आकडा उगाच फुगेल. यांच्या उंचीला शोभेल असं वजन धर, फार तर थोडं वर. आणि क्रिएटिनिन परत परत बघ."

"सूत्रात वजन म्हणालास ना? मग वजन म्हणजे वजन."

"अरे, पण माणूस बघ ना समोरचा!"

"माझ्या रुग्णाचं मी बघतो. तू अक्षता टाकून ये."

तो हसला आणि गेला. मला ते हसणंही लागलं.

वॉर्डातला काटा कारखानदारांच्या वजनाला पुरेना. मी स्वयंपाकघराच्या कोठारातला, ज्वारीची पोती तोलायचा काटा व्हरांड्यात आणवला. कारखानदार तापातही मिश्कील. "डॉक्टरसाब, हलक्या ज्वारीत धरू नका हां, मालदांडी लावा की!" सगळा वॉर्ड हसला. मित्राला सुचलं नसतं ते मी केलं, असं वाटून मी फुगलो. ते पुरं वजन सूत्रात घातलं. उत्तर आलं की या गृहस्थांची मूत्रपिंडं विशीतल्या पैलवानाची आहेत. डोसही तसाच दिला.

ताप उतरला. सर म्हणाले, "शाब्बास." त्या शाब्बासकीपायी मी इंजेक्शनं आणखी काही दिवस चालू ठेवली. क्रिएटिनिन पुन्हा तपासलं नाही. ते वाढलेलं निघालं असतं तर मित्र खरा ठरला असता.

मग कारखानदार भिंत धरून चालू लागले. "जमीन हलतीय हो, डॉक्टर."

"अशक्तपणा आहे," मी म्हणालो.

मित्र परत आला, त्यांना दोन पावलं चालायला लावलं आणि तिथल्या तिथे इंजेक्शन बंद केलं. मूत्रपिंडं सावरली, तोल सावरला नाही. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हा हिशेब कुणाचा?"

"त्याच्या नव्या सूत्राचा, सर," मी म्हणालो.

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. तो एवढंच म्हणाला, "सूत्र मीच आणलं होतं." काही दिवसांनी त्यानं नोकरी सोडली आणि सात रस्ता चौकाजवळ दवाखाना टाकला. पक्की जागा मला मिळाली. तरी त्याच्या दारातली गर्दी बघून माझा जळफळाट व्हायचा.

वर्षं गेली. एकदा माझ्याकडे आलेली एक बाई म्हणाली, "त्या सात रस्त्याच्या डॉक्टरकडं न्हाय जायाचं बाबा. त्यानं एका कारखानदाराचं वाटोळं केलंय म्हनं." मला आनंद झाला. अगदी आतून झाला. आणि त्या आनंदाचीच मला भीती वाटली.

दुसऱ्या सकाळी मी कारखान्यात गेलो. यंत्रमागांच्या मधल्या बोळातून, फिरत्या पट्ट्यांजवळून चालणं कारखानदारांना आता जमत नव्हतं. दारात खुर्ची टाकून तिथूनच कामगारांना हाका मारत होते. मी सगळं सांगितलं.

"मी त्या माणसाला गावभर शिव्या घातल्या," ते म्हणाले. "मला काय सांगताय? माझं व्हायचं ते झालं. तिकडं जा आधी."

मी सरळ दवाखान्यात गेलो. रुग्णांच्या बाकावर बसलो. माझी पाळी आल्यावर त्यानं मान वर केली आणि सवयीनं विचारलं, "काय होतंय?"

"तू सांगितलं होतंस," मी म्हणालो. "सगळं वजन धरू नकोस, असं तू मला स्पष्ट सांगितलं होतंस. तुझं खरं ठरू नये म्हणून मी ऐकलं नाही, आणि नंतर तुझ्यावर ढकललं. कारखानदारांना आत्ताच सांगून आलोय, सरांनाही सांगणार आहे. मला माफ कर."