ओरगडमचं रानडुक्कर

तुळजाजीराव बावीस वर्षं बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, होते आणि स्वतःच्या घरात त्यांना स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची बंदी होती. कारण एकच. बोटीवर असताना त्यांनी काय काय खाल्लं याचा हिशेब कुणाला लागत नव्हता.

मी १९५७ साली वाईहून मद्रासेला विमा कंपनीत कारकून म्हणून आलो आणि रॉयपेट्ट्यात राणोजीरावांच्या घरी मागची खोली घेऊन राहिलो. घर तंजावरी मराठ्यांचं. पूर्वज पावणेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडं आले होते. राणोजीराव सचिवालयात बसनं जात, पण बसमधून उतरताना अजूनही घोड्यावरून उतरल्यासारखे उतरत. तुळजाजीराव त्यांचे धाकटे भाऊ. ते विहिरीशेजारच्या पत्र्याच्या छपरीत राहत, तिथंच चूल मांडत. माझी खिडकी त्या चुलीवर उघडे, त्यामुळे आमची ओळख आधी वासानं झाली.

"काय तंबी, नाक आत आलं, आतां तोंडही आण," असं म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला खिडकीतून बशी दिली. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. तमिळमध्ये ते कुणालाही म्हणतात, पण हे ज्याला खायला घालत त्यालाच म्हणत.

त्यांची बायको गेली तेव्हा बोट मनिलाच्या बंदरात होती. तार पोचली ती अकरा दिवसांनी. मुलगी सरोजा दोन वर्षांची होती. राणोजीराव आणि भवानीबाईंना मूल नव्हतं, त्यांनी तिला वाढवलं. ती राणोजीरावांना अप्पा, म्हणजे बाबा, म्हणे आणि जन्मदात्याला चित्तप्पा, म्हणजे काका. खरं काय ते तिला ठाऊक होतं, घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. तुळजाजीरावांनी कधी तक्रार केली नाही. त्यांनी भावाकडे एकच गोष्ट मागून ठेवली होती: सरोजाच्या लग्नपत्रिकेवर बाप म्हणून आपलं नाव छापायचं. राणोजीरावांनी तुळजाभवानीच्या टाकावर हात ठेवून हो म्हटलं होतं.

"दुसरं काय लागतं मज?" तुळजाजीराव मला म्हणाले. "छापलेलं पुसतां येत नाहीं. मी मेलों तरी ती पत्रिका कुणाच्या तरी पेटीत राहील कीं."

पुढच्या वर्षी तंजावरहून स्थळ आलं. मुलगा रेल्वेत होता आणि बाप प्रतापसिंहराव होता. हा क्रम मी मुद्दाम असा लिहिला, प्रत्यक्षात बापच आधी आला. त्यानं कळवलं होतं की मुलगी तर पाहूच, पण आजकाल मराठ्यांच्या घरांतून शिकारीचं जेवण नाहीसं झालं याचं फार दुःख वाटतं, आमचे आजोबा रानडुकराशिवाय पाटावर बसत नसत. राणोजीरावांनी उलट टपाली लिहून टाकलं की आमच्याकडं रानडुक्कर अजून होतं, अवश्य यावं.

आता या लोकांत एक बारीक गोष्ट आहे. रानातलं डुक्कर म्हणजे शौर्य. तेच डुक्कर बाजारातलं असलं की विटाळ. एकाला भाल्यानं मारलेलं असतं, दुसऱ्याला खाटकानं, एवढाच फरक मला दिसतो. पण एकानं कूळ उजळतं आणि दुसऱ्यानं सोयरीक मोडते. राणोजीरावांच्या घरात तीन पिढ्यांत भाला निघाला नव्हता. ते छपरीत आले आणि भावाला म्हणाले, "पेरांबूरच्या आंग्लो-इंडियन खाटकाकडनं आण. तुझं तें मनिलाचं कर. मी सांगतों, ओरगडमच्या झाडींत मित्रानें मारलेलं अहे."

"अण्णा, रानच्याला एवढी चरबी नस्ते. ओळखतील ते."

"त्यांनीं कुठें खाल्लंय? आजोबांनीं खाल्लंय. आजोबा येत नाहींत."

"आणि पत्रिका?"

"तुझंच नाव. किती वेळां सांगूं?"

मग दोन दिवस मी कचेरीतून घरी पळत येत असे. मनिलाच्या इग्नासिओ नावाच्या स्वयंपाक्यानं बोटीवर त्यांना हे शिकवलं होतं. त्याला तो लेचोन कावाली म्हणे. पोटाकडचं मांस कातड्यासकट आणायचं. मीठ, मिरे, लसूण आणि तमालपत्र घालून पाण्यात उकडायचं, काटा सहज आत जाईपर्यंत. मग कातडं सुईनं टोचायचं, व्हिनेगरनं पुसायचं, मीठ चोळायचं आणि मच्छरदाणीच्या तुकड्यात गुंडाळून वाऱ्यावर टांगून ठेवायचं, कातडं ढोलावरच्या चामड्यासारखं वाजेपर्यंत. शेवटी लोखंडी कढईत बुडेल इतकं तेल आणि हातात ढालीसारखं झाकण. सरोजा विहिरीवर पाण्याला येई आणि घागर भरल्यावरही तिथंच उभी राहून बघे.

"चित्तप्पा, हें असं टांगायचं कशास?"

"पाणी आणि तेल भावकी नाहींत, पोरी. एकत्र आलीं कीं स्फोट होतो. वाळव, मग तळ."

प्रतापसिंहराव आले, त्यांची बायको राजसबाई आली, मुलगा आला. मुलगी पसंत पडायला पाच मिनिटं लागली. मग पानं मांडली. भाडेकरू असूनही मला पंगतीत बसवलं होतं. वाईचा माणूस म्हणजे अस्सल मुलखातला पाहुणा, तो शोभेला बरा. कुरकुरीत कातड्याचा पहिला तुकडा प्रतापसिंहरावांच्या दाढेखाली फुटला तो आवाज ओसरीत सगळ्यांना ऐकू गेला. त्यांनी डोळे मिटले.

"हेंच," ते म्हणाले. "आजोबांच्या वेळचंच."

इग्नासिओला हे कळतं तर तो मनिलाहून पोहत आला असता.

"रानचं मांस दांतांना कळतं," प्रतापसिंहराव म्हणाले. "बाजारच्याला अशी चव येणें नाहीं. कुणी केलं?"

तेवढ्यात दुसरी परात घेऊन तुळजाजीराव दारात आले. घाम पुसायला त्यांनी खांद्यावर पंचा टाकला होता. राणोजीरावांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, त्या पंच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आमचा स्वयंपाकी. जुना माणूस अहे."

सरोजा वाढत होती. तिच्या हातातली पळी थांबली. भवानीबाईंनी तिच्या कोपराला हळूच ढकललं तशी ती पुन्हा वाढू लागली. मी पानातल्या मिठाकडे बघत बसलो. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

"वा, भले!" प्रतापसिंहराव म्हणाले. "लग्नांतही तूंच कराचंस, बरं का रे!"

तुळजाजीरावांनी परात खाली ठेवली. "होय, सरकार," ते म्हणाले.

पाहुणे गेल्यावर छपरीत दोन्ही भावांचं बोलणं झालं. माझी खिडकी उघडीच होती.

"तोंडांतनं निघून गेलं," राणोजीराव म्हणाले. "माझा भाऊ, बोटीवरचा भंडारी, म्हटलं असतं तर तिथेंच उठून गेले असते."

"आणि पत्रिका?"

"आतां कसं? स्वयंपाक्याचं नाव बाप म्हणून छापूं? तूंच सांग."

राणोजीराव घरात निघून गेले. मी बाहेर आलो आणि तुळजाजीरावांना म्हणालो, "एक शब्द सांगा तंजावरला. डुक्कर पेरांबूरचं होतं म्हणून."

"मग मोडेल."

"मोडू द्या."

"तुला लेक नाहीं, तंबी," ते म्हणाले आणि कढई घासायला बसले.

लग्न टी. नगरातल्या एका मंडपात झालं. पत्रिकेवर 'राणोजीराव यांची ज्येष्ठ कन्या' असं छापलं होतं. ज्येष्ठ कशाला ते कुणी विचारलं नाही, दुसरी कन्या नव्हतीच. दुसऱ्या दिवशीच्या मांसाहारी जेवणाला तुळजाजीरावांनी मंडपामागं तीन कढया लावल्या. निघताना सरोजा सगळ्या मोठ्यांच्या पाया पडली. मंडपामागं ती आली नाही. राजसबाई तिच्या पदराला पदर लावून उभ्या होत्या.

चार महिन्यांनी तंजावरहून सरोजाचं पत्र आलं, अप्पांना. सासरी सगळे त्या रानडुकराची आठवण काढतात, इकडं शिकार मिळते, तुमच्या स्वयंपाक्याला विचारून कृती लिहून पाठवावी. 'तुमच्या स्वयंपाक्याला' हे तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. सासरी आलेली-गेलेली पत्रं मोठ्यानं वाचली जात.

तुळजाजीरावांना तमिळ लिहिता येई, मराठी नाही. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. उकड, टोच, व्हिनेगर लाव, मीठ चोळ, कढईत सोड.

"टांगून वाळवायचं राहिलं," मी म्हणालो.

"राहूं दे."

"अहो, पण..."

"तेल थोडं उडेल, मऊ होईल, चिवट होईल. नाहीं जमलं कीं बोलावतील. मग मी जाईन, दोन दिवस तिच्या घरीं राहीन." ते हसले. "असंही मज बोलावणार कोण?"

मी लिहायला हवं होतं. समासात दोन शब्द, बस. पण मला त्यांची युक्ती आवडली. एवढं सोसलेल्या माणसानं एकदा लबाडी केली तर मी का नडावं, असं मला वाटलं. पत्र मीच पेटीत टाकलं.

पंधरा दिवसांनी राणोजीरावांनी जेवताना उत्तर वाचून दाखवलं. ओलं कातडं तेलात पडताच तेल उसळलं, सरोजाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. घाबरण्यासारखं काही नाही. स्वयंपाक्याला पाठवून द्यावं, म्हणजे नीट दाखवील.

तुळजाजीराव ओसरीच्या पायरीवर बसून ऐकत होते. ते उठले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी एग्मोर स्टेशनावर गेले.

तिसऱ्या दिवशी परत आले. मी विचारलं नाही. त्यांनीच छपरीच्या दारात बसून सांगितलं, मधेच थांबत. प्रतापसिंहरावांनी मागच्या अंगणात त्यांना घोंगडी दिली. शिकारीचं मांस आलं होतं, ते वाळवलं, तळलं. सगळ्यांनी खाल्लं. राजसबाईंनी विचारलं, मागल्या खेपेस वाळवायचं कसं कळवलं नाहीस? ते म्हणाले, विसरलों, बाईसाहेब. सरोजा दारात उभी होती, हाताला फडकं बांधलेलं. सासू आत गेली तशी ती पुढं आली.

"मज ठाऊक होतं वाळवाचं," ती म्हणाली. "विहिरीपाशीं पाहिलं होतं कीं. पण तूं लिहिलं नाहींस, म्हणून वाटलं, रानच्याला नको असेल. बाप चुकीचं कसं लिहील?"

"बाप म्हणाली," तुळजाजीराव मला म्हणाले. "पहिल्यांदांच. तें असं."

निघताना प्रतापसिंहरावांनी ओसरीवरून हाक मारली. इथंच राहा, चांगलं खातोस, चांगलं करतोस, घरचाच होऊन जाशील. तुळजाजीरावांनी एकदा सरोजाकडे पाहिलं.

"नको," सरोजा सासऱ्याला म्हणाली. "त्यास धाडून द्या. या घरीं मी करीन."

"बरोबर बोलली," तुळजाजीराव म्हणाले. "रोज दारांतनं तिला बाईसाहेब म्हणालों असतों मी. तें तिच्यानें झालं नसतं."

त्यानंतर राणोजीरावांच्या घरात त्यांना राहवेना. अड्यारला एका बंगल्यात स्वयंपाक्याची जागा होती, तिथं मी ओळख द्यायला त्यांच्याबरोबर गेलो. बंगल्याच्या मालकीणबाईंनी इंग्रजी जेवण येतं का विचारलं, दारू पिता का विचारलं.

"मुलंबाळं?" त्यांनी शेवटी विचारलं. "म्हणजे सुट्टी मागाल, म्हणून विचारते."

"नाहींत," तुळजाजीराव म्हणाले.

मी शेजारीच उभा होतो. गप्प राहिलो. रॉयपेट्ट्याच्या त्या घरात राहून मला एवढं एक काम उत्तम जमायला लागलं होतं.