भागामावशीची साडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण – कारण मला धड सांगता येणार नाही.

मी मालिकांचे संवाद लिहिते. चार वर्षांपूर्वी माझ्याकडे एका मोलकरणीचं पात्र आलं. कागदावर तिला नावसुद्धा नव्हतं. नुसतं 'कामवाली, गावरान, विनोदी'. तिनं 'व्हतं', 'न्हाई', 'लई' म्हणायचं आणि मालकिणीनं हसायचं. ही भाषा मी कुठून आणणार? मंचरला आमच्या घरी वीस वर्षं धुणीभांडी केलेल्या भागामावशीकडून. तोंडावर आम्ही तिला मावशी म्हणायचो. पाहुण्यांना सांगताना – 'आमची बाई'.

भाषा घेतली, तिथवर ठीक होतं का? असेलही. पण मी तिथं थांबले नाही.

मावशी डिंभे गावची. नवरा मुंबईला कामाला आहे, असं सगळ्यांना सांगायची. दर दिवाळीला नवी साडी नेसून यायची. "धन्यानं धाडली," म्हणायची. मी कॉलेजात असताना एकदा भांडी घासता घासता हळूच म्हणाली, "पोरी, साडी मीच घेते. त्यो कवाच दुसरीसंगं ऱ्हातोय. तुला अन् माझ्या हौसाला सोडून कुणाला ठावं न्हाई." हौसा तिची धाकटी बहीण, पारगावला दिलेली.

मी ते जसंच्या तसं लिहिलं. मालिकेतली कामवाली स्वतःच साडी घेते, 'धन्यानं धाडली' म्हणून मिरवते आणि दुकानदार सगळ्यांसमोर तिचं बिंग फोडतो. लोक खूप हसले. डिंभ्यात तर ते शब्द कुणाचे, हे कुणाला विचारावं लागलं नाही. तिथं मावशीकडे बघून हसले.

महिन्याभरानं मी मंचरला गेले, तेव्हा ती आली. बसली नाही.

"तू लिवलंस का गं?"

हो म्हणायला काय लागत होतं? मी म्हणाले, "मी नाही गं मावशी. लिहिणारे पुष्कळ असतात. हौसाचा जावई आमच्या शूटिंगच्या गाडीवर असतो ना – गाडीत काहीबाही बोलणं होतं." ती नोकरी त्याला मीच लावून दिली होती.

ती म्हणाली, "मंजी हौसानंच घात केला माझा."

मी चहा टाकायला आत गेले.

त्यानंतर हौसा दोनदा डिंभ्याला आली. मावशीनं दार उघडलं नाही. हौसा बाहेरून विचारत राहिली, "आक्का, माझं काय चुकलं ते तरी सांग." हे मला मावशीनंच सांगितलं – विश्वासानं. गेल्या वर्षी हौसा आजारपणात गेली. मावशी मातीलाही गेली नाही.

तिचा अजून फोन येतो. "सख्खी बहीण असं वागली, अन् तू परक्याची असून जपलंस," म्हणते. मी 'हो मावशी' म्हणते.

हौसानं कुणालाही काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.