वाटीवरचा हात

वजन कमी करण्याचं ऑपरेशन हवं असेल तर आधी मनाची तपासणी करून या, असं सर्जननी सांगितलं तेव्हा मी भडकलेच. चरबी पोटावर होती, डोक्यात नव्हती. पण मानसशास्त्रज्ञांच्या होकाराशिवाय ते हात लावायला तयार नव्हते.

त्या बाई माझ्याच वयाच्या, शांत. पहिलाच प्रश्न, "ऑपरेशन कशासाठी करायचंय?"

"सासूबाईंचं तोंड बंद करायला."

खोटं कशाला बोलायचं? हिंजवडीत दिवसभर खुर्चीत बसून वजन वाढलं, गुडघे बोलायला लागले, हे खरंच. पण वारज्याला घरी आलं की सासूबाई डाव घेऊन उभ्याच. नको म्हटलं तरी वाढायच्या आणि पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या सूनबाईंना सोफा वेगळा लागतो." मला बारीक व्हायचं होतं आणि एक दिवस त्यांनी वाढलेलं भरलं ताट चारचौघांत तसंच सोडून उठायचं होतं. तेवढ्यासाठी मी पोट कापून घ्यायला तयार होते. हे सगळं बाईंना सांगताना मला मजा येत होती.

"आज नाही उठता येत?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे पानात टाकत नाहीत."

"मग ऑपरेशननंतर काय कराल? पोट एवढंसं असेल. आग्रहाला बळी पडलात तर उलट्या होतील, टाक्यांवर ताण येईल. आधी एकदा नको म्हणा आणि ते टिकवून दाखवा. मग बघू."

घरी जाईपर्यंत मी सासूबाईंबरोबर त्यांनाही शिव्या घातल्या.

पुढच्याच रविवारी नणंदेच्या सासरची मंडळी जेवायला आली. आंब्याचे दिवस होते. सासूबाईंनी स्वतः मंडईत जाऊन हापूस आणला होता. माझा एक वाटी रस खाऊन झाला आणि मी वाटीवर हात धरला. आमच्या घरात याचा अर्थ नको असा होतो, पण ते न ऐकण्यालाच प्रेम म्हणतात. वाढणारीनं डाव हातावर तिरपा करायचा, जेवणाऱ्यानं घाईनं हात काढायचा, सगळ्यांनी हसायचं, वाटी भरायची. आजवर मी दर वेळी हात काढला होता.

"घे गं," सासूबाई म्हणाल्या. "तुला आता काय फरक पडणार आहे?"

मंडळी हसली. डाव तिरपा झाला. मी हात काढला नाही.

रस बोटांवरून, बांगड्यांवरून टेबलावर आला आणि तिथून शेजारी बसलेल्या विहीणबाईंच्या पैठणीवर. हसणं थांबलं. सासूबाईंना डाव सरळ करायचंसुद्धा सुचेना. त्यांचा तो चेहरा पाहून मला जो आनंद झाला तो लग्नातही झाला नव्हता. नवरा आपल्या वाटीत बघत बसला.

"नको म्हटलं होतं," मी म्हणाले. "उरलेला तुम्ही घ्या. तुम्हाला तरी आता काय फरक पडणार आहे?"

मी उठले, हात धुतला आणि खोलीत जाऊन पंखा लावून पडले. बाहेर विहीणबाई पैठणीला पाणी लावत होत्या आणि सासूबाई माफी मागत होत्या. मी एकेक शब्द कान देऊन ऐकला.

मानसशास्त्रज्ञ बाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, ऑपरेशन कशासाठी?

"गुडघ्यांसाठी. दुसरं काम घरीच उरकलं."

त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी होकार दिला.

ऑपरेशनला आता बरीच वर्षं झाली. गुडघे शांत आहेत. सासूबाई डाव हातात घेऊन थोड्या लांबच थांबतात आणि हळू विचारतात, "वाढू का?" कधी कधी मला खरंच भूक असते, त्यांच्या हातची आमटीही हवी असते. तरी त्यांच्याकडे बघून मी म्हणते, "नको."