कापून टाकलेली वीतभर पट्टी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायको होती तेव्हा तिलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

मुलचेऱ्याच्या पुढे, जंगलाकडेच्या एका दवाखान्यात मी ईसीजी काढतो. सुई नाही, चिरफाड नाही — छातीवर, हातापायांवर तारा लावायच्या आणि हृदय कसं चालतंय ते कागदावर उतरवायचं. आमचं मशीन जुनं. लांबलचक पट्टी निघते. ती कापून तुकडे कार्डावर चिकटवायचे आणि फोटो चंद्रपूरच्या डॉक्टरांना पाठवायचा. शेवटची लांब पट्टी मात्र कापायची नाही. ठोक्यांची लय तिच्यातच दिसते.

जे सांगायचंय, त्याच्या महिनाभर आधी माझी फजिती झाली होती. तापानं कुडकुडणाऱ्या एका म्हाताऱ्याची पट्टी पाहून मी घाबरलो, गाडी बोलावून त्याला चंद्रपूरला धाडलं. निघालं काहीच नाही; अंग थरथरल्यानं रेघा वेड्यावाकड्या आल्या होत्या. फोन स्पीकरवर होता; डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ही पट्टी आहे की रांगोळी? सिस्टर हसल्या. मला ते फार लागलं.

मग पोचूबाई आली. जंगलात मोहाची फुलं वेचणारी, चाळिशीची.

"भाऊ, छाती धडधड करून राह्यली, मंग एकदम गप्प होते. काऊन असं?"

पट्टी सुरू झाली. ठोके सरळ, सरळ — आणि मधेच सहा-सात रुंद, वेडेवाकडे, घाईघाईचे. मग रिकामी जागा. मग पुन्हा सरळ.

ती हलली असेल, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. मी तिच्याकडेच पाहत होतो. ती श्वास धरून निपचित पडली होती.

हा हृदयाचाच बिघाड आहे, हे मला कळलं होतं. आणि तरी — पुन्हा हसले तर? एवढीच भीती. मी कात्री घेतली, ती वीतभर जागा कापली, दोन्ही टोकं जुळवून चिकटवली. फोटो गेला. उत्तर आलं, नॉर्मल.

"मले काई झालं त नाई ना?"

"काई नाई बाई. कागद साफ हाय."

नवव्या दिवशी ती मोहाच्या झाडाखाली पडली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी फोन करून विचारलं, लांब पट्टी एवढीच होती? मी म्हणालो, हो सर.

पंधरा दिवसांनी तिचा नवरा सोमाजी माझ्या क्वार्टरवर आला. "भाऊ, तुमी त तपासलं होतं. कागद साफ होता. तिचं आयुष्यच तेवढं." माझं सांत्वन तो करत होता — माझं! तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी चहा ठेवला.

आता बायको नाही, मुलगी दूर. माझ्या दारी आपणहून येणारा माणूस एकच — सोमाजी. महिन्या-दोन महिन्यांनी येतो, पोचूबाईबद्दल बोलतो, जातो. मी त्याची वाट पाहतो. खरं सांगितलं तर तो येणार नाही, म्हणून गप्प बसतो. आधी भीतीपायी तिचा जीव घालवला, आता एकटेपणापायी त्याला फसवतोय. दुसरं काय म्हणू याला?

परवा आला होता. निघताना माझा हात धरून म्हणाला, "तुमच्यासारखा सच्चा माणूस नाई, भाऊ."

मी विचारलं, आता पुन्हा कधी येणार?