नाव काय लिहू?

माझी मोठी बहीण रत्नाअक्का लिस्बनला राहते. दिवसा तिथल्या म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते आणि उरल्या वेळात आपल्या प्रवासाबद्दल मराठीत लिहिते. तिचं पुस्तक आलं तेव्हा लोक म्हणाले, बाईच्या नशिबात भटकणं होतं. नशीब कसलं डोंबलाचं, तिला घराबाहेर काढलं होतं.

पारोळ्याला दिली होती तिला. नवरा प्रेमराज. मी त्याला दाजी म्हणायचे, आता ते जिभेवर येत नाही. लग्नाच्या वर्षीच नवा पोस्टमन दारात आला आणि घर कोणाचं म्हणून विचारलं. अक्कानं सरळ 'प्रेमराज' सांगितलं. या गड्यानं पोस्टमनसमोर तिच्या थोबाडीत मारली. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणे. पुढे ती अमळनेरच्या वाचनालयात एकटी एसटीनं जायला लागली, तेही याला खुपलं. एका दुपारी तिची पिशवी रस्त्यावर फेकली आणि गल्लीला ऐकू जाईल असा अहिराणीत ओरडला, "उंडगी शे ती. जाय, हिंड आते."

नंतर ना घटस्फोट दिला, ना नांदवलं.

नवल नावाच्या कंडक्टरनं तिला तिकिटाचे पैसे न घेता धुळ्याला पोचवलं. तिथून सुरतेच्या एका कुटुंबाकडे स्वयंपाकाला लागली, त्यांच्याबरोबर मस्कतला गेली, आणि मग तिचे पाय थांबलेच नाहीत. आफ्रिकेतल्या एका सरोवरात बोटीचं इंजिन बंद पडलं, तर हिनं पातेल्यानं पाणी उपसलं. जॉर्जियात कांद्याच्या ट्रकमध्ये बसून बर्फाचा घाट ओलांडला. हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकाचं नावही तिनं 'उंडगी' ठेवलं.

मी ते एका बैठकीत वाचलं, पण खरं सांगते, मी फक्त प्रेमराजला शोधत होते. त्याची लक्तरं वेशीवर टांगलेली मला बघायची होती. नवल कंडक्टर सापडला. लिस्बनमधला लंगडा कुत्रा टिटो सापडला, त्याला तर चार पानं दिलीत. प्रेमराज कुठंच नाही. माझं डोकंच फिरलं. फोन लावला आणि म्हटलं, "अक्का, एवढी देवमाणूस कधीपासून झालीस गं? त्याला माफ केलंस?"

"नाही," ती म्हणाली. "मी येतेय ना."

ती पुस्तकाच्या कार्यक्रमासाठी येणार कळताच यानं पारोळ्याच्या स्टँडवर फ्लेक्स लावला. 'सुप्रसिद्ध लेखिका सौ. रत्ना प्रेमराज यांचे स्वागत.' तिचा फोटो एवढासा, याचा हा मोठा. चहाच्या टपरीवर सांगत फिरायचा की पुस्तकाला नाव मीच दिलंय. मला वाटायचं, तो फ्लेक्स फाडून त्याच्याच डोक्यावर घालावा.

अमळनेरला कार्यक्रम झाला. भाषणं संपल्यावर लोक सहीसाठी रांगेत उभे राहिले. अक्का प्रत्येकाला नाव विचारायची, पहिल्या पानावर लिहायची, खाली सही करायची. प्रेमराज इस्त्रीचे कपडे घालून रांगेत घुसला. सोबत फोटोवालाही आणला होता. त्यानं पुस्तक तिच्यापुढे सरकवलं आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून हसला.

अक्कानं पेन उचललं. "नाव काय लिहू?"

त्याला वाटलं, चेष्टा करतेय. "तुले मनं नाव म्हाईत नही का?"

"म्हाईत शे," अक्का शांतपणे म्हणाली. "पन बाईनी नवरानं नाव लेवानं नही, तुमीच शिकाडं ना? पोस्टमनसमोर."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, आणि पाठोपाठ सगळा हॉल. फोटोवाल्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला. मी तो त्याच्याकडून मागून घेतला, अजून माझ्या मोबाइलवर आहे. मन खट्टू झालं की काढून बघते.

अक्कानं त्याचं पुस्तक तसंच कोरं परत केलं आणि त्याच्या खांद्यावरून मागच्या माणसाला विचारलं, "आपलं नाव?"

"जीवराम," तो म्हणाला.

तिनं ते मोठ्या अक्षरात लिहिलं.